सीटवर कुणी नाही

२९ एप्रिल, बुधवार

हार्लनला शनिवारी मातीत ठेवलं. गेला तो फेब्रुवारीत, पण तेव्हा विस्कॉन्सिनची जमीन लोखंडासारखी गोठलेली. बर्फ वितळून खड्डा खणता येईपर्यंत त्याला शहरातल्या शवागारात थांबावं लागलं. सगळे म्हणतात, आता तुझ्या मनाला स्वस्थता येईल. माझं उलटंच झालंय. हिवाळाभर तो कुठेतरी बाहेरगावी गेल्यासारखा वाटायचा. आता तो चर्चमागच्या टेकडीवर आहे, आणि ती टेकडी माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसते.

आज गवत कापायचा मोअर बाहेर काढला. बसून चालवायचा आहे, छोट्या ट्रॅक्टरसारखा. हार्लननं गेल्या सप्टेंबरात नवा घेतला आणि जेमतेम महिनाभर चालवला. चर्चच्या दफनभूमीचं गवत इतकी वर्षं तोच कापत आला. मार्चच्या बैठकीत लव्हॉननं विषय काढला की आता हे काम शहरातल्या कुठल्यातरी कंपनीला देऊन टाकू. लव्हॉन माझी नणंद, हार्लनची धाकटी बहीण. चर्चच्या समितीत तिचाच शब्द चालतो. मी म्हटलं, मी कापेन. सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. शेवटी ठरलं, मेच्या शेवटी मेमोरियल डे येतो, गावोगावची माणसं कबरींवर फुलं घेऊन येतात, तोवर आर्लिसला जमतंय का बघू. नाही जमलं तर कंपनी.

खालच्या सपाट रांगा छान झाल्या. मग चढावरची आमच्या लोकेन घराण्याची रांग घेतली. हार्लनच्या दगडासमोर आले आणि इंजिन बंद पडलं. खोकणं नाही, गुरगुरणं नाही, कुणी हात लावून बंद करावं तसं. पुन्हा सुरू केलं, चार हात पुढे गेले, पुन्हा बंद.

दगड आमचा दोघांचा आहे. हार्लननं दोन्ही नावं एकदमच कोरून घेतली, स्वस्त पडतं म्हणून. त्याच्या नावाखाली आता दोन्ही सालं आली. माझ्या नावाखाली जन्मसाल, मग एक आडवी रेघ, मग कोरा दगड.

बाकीचं गवत उद्या.

२ मे, शनिवार

तेच. खाली चालतो, वर हार्लनपाशी थांबतो. तेल पाहिलं, पेट्रोल पाहिलं. हवेचा फिल्टर काढून झटकला. सगळं ठीक.

इंजिन थांबलं की तिथे जी शांतता होते ती काही निराळीच. वारा असतो, खालच्या ओढ्यात बगळे ओरडत असतात, तरी शांतता. आज त्या शांततेत मला हार्लनचं खाकरणं ऐकू आलं. त्याची सवयच होती. काही बोलायचं असलं की आधी खाकरायचा, आणि निम्म्या वेळा पुढे बोलायचाच नाही.

मी मागे वळून पाहिलं, हे इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

लव्हॉननं पुन्हा कॅसरोल आणून दिलं, बटाटा आणि हॅमचं. फ्रीजरमध्ये आता जागा नाही. गरम करून खायचं म्हटलं की वास डोक्यात जातो. कॉफी घेतली.

५ मे, मंगळवार

मोअरची दोन वर्षांची वॉरंटी आहे. कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवलं, मग एक पोरगी आली. आवाजावरून कोवळी वाटली.

"मॅडम, ही नोंदणी मिस्टर हार्लन लोकेन यांच्या नावावर दिसतेय. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"तुला जमलं तर बघ बाई," मी म्हटलं. "मी फेब्रुवारीपासून प्रयत्न करतेय."

तिला कळलंच नाही. "ते कधी भेटतील?" म्हणाली.

मला हसू फुटलं. पुष्कळ दिवसांनी हसले, थांबताच येईना. पोरगी बिचारी घाबरली. मी सांगितल्यावर तर रडवेलीच झाली. म्हणाली, दुकानात घेऊन जा, ते तपासतील आणि आम्हाला कळवतील, मालक वारले तरी पत्नीला वॉरंटी लागू आहे. मग तिनं विचारलं, "बिघाड नक्की कसा होतो?"

"त्याच्यापाशी गेलं की बंद पडतो," असं माझ्या तोंडून निघालं. सावरून घेतलं. "चढावर," म्हटलं.

८ मे, शुक्रवार

शेजारच्या नॉर्बर्टनं त्याच्या ट्रेलरवर मोअर चढवला आणि हार्लननं तो जिथून घेतला त्या गेलेनच्या दुकानात आम्ही गेलो. नॉर्बर्टनं गायी विकल्या तेव्हापासून तो कुणाच्याही कामाला एका पायावर तयार असतो.

गेलेन आता पन्नाशीचा बाप्या झालाय, पोट सुटलंय, पण मला बघितलं की अजून टोपी काढतो. शाळेच्या भोजनगृहात मी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. हे सगळे माझ्या हातचं जेवून मोठे झाले.

"मिसेस लोकेन, तुम्ही मला मॅश बटाटे दोनदा वाढायच्या," नॉर्बर्टसमोर म्हणाला. "बाकीच्या पोरांना एकदाच."

"तू डोळेच तसे करायचास," मी म्हटलं.

मग त्यानं सीट उचलून दाखवली. खाली एक स्विच आहे, लहानसा. माणूस बसला की सीट दबते आणि स्विचला कळतं. माणूस उठला किंवा पडला की इंजिन आणि पाती तिथल्या तिथे थांबतात, म्हणजे कुणी पात्यांखाली जाऊ नये. "हाच खराब झाला असणार," गेलेन म्हणाला. "त्याला वाटतंय, सीटवर कुणी नाही."

"पण मी बसलेली असते."

"म्हणून तर खराब म्हणायचं."

स्वतः बसला आणि दुकानामागच्या उतारावर वर-खाली फिरवून आणला. एकदाही बंद पडला नाही. नॉर्बर्टला बसवलं. नाही पडला. गेलेन डोकं खाजवत म्हणाला, तरी पण बदलून टाकतो, वॉरंटीत आहे, कंपनीकडून नवा मागवतो.

नॉर्बर्ट मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं आर्लिस, कशाला एवढा व्याप? स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो. दोन मिनिटांचं काम. मग तू बस नाहीतर तुझी मांजर बसव, यंत्र थांबायचं नाही."

गेलेनला ऐकू गेलं. "तारा जोडल्या की वॉरंटी गेली," तो तिथूनच ओरडला. "आणि मिसेस लोकेनना मी तसा मोअर देणारही नाही."

मीच नको म्हटलं. हार्लनला असली जोडाजोड खपायची नाही. वस्तू घेतली की तिच्यासोबतचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा माणूस तो.

येताना नॉर्बर्टनं हॉटेलात गोड पाई खायला थांबवलं. र्‍हुबार्बच्या आंबट देठांची होती. मी त्याच्याशी गप्पा मारता मारता काट्यानं बशीत इकडून तिकडे केली. तो खूष झाला.

१३ मे, बुधवार

नवा स्विच बसवून मोअर घरी आला. गेलेननं स्वतः आणून सोडला. जाताना म्हणाला, "तब्येत सांभाळा हं." सगळेच म्हणतात. विधवेशी दुसरं काय बोलणार?

कपडे वाळवायचं यंत्रही बिघडलं असावं. सगळे स्कर्ट सैल होऊन बाहेर येतात. आज एक पिन लावून घातला. यंत्रं कशी सगळी एकदम बिघडतात, घरात माणूस नसला की त्यांना समजतंच.

१४ मे, गुरुवार

पुन्हा बंद पडला. नव्या स्विचसकट.

नुसता वर नाही, आज खालीसुद्धा दोनदा पडला, जिथे एरवी कधी पडत नाही. पण खाली पुन्हा सुरू झाला. हार्लनपाशी मात्र होईना. मी किल्ली फिरवत राहिले, मग सोडून दिली. उतरलेच नाही. सीटवर बसून राहिले. ऊन होतं तरी थंडी वाजत होती, हार्लनचं जॅकेट घालून गेले होते म्हणून बरं.

मग मला वाटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? गेलेन बसतो तेव्हा चालतो. नॉर्बर्ट बसतो तेव्हा चालतो. मी बसते तेव्हा चालत नाही. आणि कुठे चालत नाही?

चव्वेचाळीस वर्षांत हार्लन मला कधी "थांब" म्हणाला नाही. मी शाळेत जाताना नाही, माझ्या आईला भेटायला चार चार आठवडे आयोवाला जायचे तेव्हा नाही. दारात उभा राहून खाकरायचा आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून द्यायचा.

संध्याकाळी कोर्‍या टोस्टचा तुकडा खाल्ला. पुरे झाला.

१७ मे, रविवार

चर्चनंतर तळघरात कॉफी. लव्हॉननं मला कोटाच्या हुकांपाशी गाठलं.

"आर्लिस, तू जेवतेस का?"

"तूच तर आणून देतेस इतकं."

"मी आणते ते मला माहीत आहे. तू जेवतेस का?"

मला राग आला. सव्वीस वर्षं तीनशे पोरांना जेवू घातलं, आता ही मला जेवण शिकवणार. मी म्हटलं, "तुला दफनभूमीचं काम माझ्याकडून काढून घ्यायचंय, सरळ तसं म्हण ना."

तिचा चेहरा थेट हार्लनसारखा झाला, कपाळावरची तीच आठी. मला तिथे थांबवेना. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

१९ मे, मंगळवार

गेलेनचा फोन आला होता, मोअर कसा चालतोय विचारायला. "ठीक," म्हटलं.

खोटं का बोलले कोण जाणे. खरं सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा नेला असता, सगळा खोलून ठेवला असता, आणि मला आठवडाभर वर जाता आलं नसतं. पायीही जाता येतं म्हणा. पण पायी गेलं की मी आपली कबर बघायला गेलेली बाई. मोअरवरून गेलं की तो थांबवतो.

आता मी गवत नावापुरतंच कापते. दोन रांगा करायच्या, मग वर. थांबला की किल्लीला हात लावायचा नाही. तो खाकरतो. मी म्हणते, "बोल." एवढंच. मग वारा.

माझ्या बाजूचं गवत त्याच्या बाजूपेक्षा दाट आहे. त्याच्यावर अजून नुसती माती आहे ना.

२१ मे, गुरुवार

आज त्या दाट गवतावर थोडी पडून पाहिलं. मऊ आहे. दगडाची सावली बरोब्बर तोंडावर येते.

नॉर्बर्टचा ट्रक खालच्या रस्त्यावर हळू झाला, म्हणून उठले.

२४ मे, रविवार (लव्हॉनच्या घरी)

काय झालं ते जसं आठवतं तसं लिहिते.

शुक्रवारी सकाळी ठरवलं होतं की आज सगळं कापायचंच, सोमवारी मेमोरियल डे. लव्हॉनच्या हाती कोलीत नको. कॉफी घेतली आणि गेले. खाली तो पुन्हा पुन्हा बंद पडत होता, मी पुढे वाकून सगळा भार देऊन बसायचे की चालायचा. कसाबसा वरपर्यंत आणला. लोकेनांच्या रांगेत वळले, आणि त्या दिवशी तो थांबला नाही. पुढे वाकून बसले होते म्हणून असेल. हार्लनचा दगड जवळ जवळ आला आणि इंजिन आपलं चालूच. मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, "अरे थांबव ना," मोठ्यानं म्हटलं, आणि मग दगड तिरका झाला, आभाळ खाली आलं.

शुद्ध आली तेव्हा गाल गवतावर होता. अंगठ्याएवढ्या अंतरावर मोअरचं चाक, त्यामागे पात्यांची कड, तिला ओलं गवत चिकटलेलं. सगळं शांत. मी उताराच्या बाजूला पडले होते, आणि तो माझ्याच अंगावर यायचा, पण सीट मोकळी झाली त्याच क्षणी थांबला. मी निजून राहिले. मला वाटलं, झालं, आता उठायला नको.

नॉर्बर्टनं पाहिलं. तो म्हणे रोजच ट्रक हळू करून वर बघायचा. हॉस्पिटलात त्यांनी हाताला सलाइन लावलं आणि वजन केलं. नर्सनं आकडा वाचला, मग काट्यावरून उतरायला लावलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा वाचला.

नॉर्बर्ट बाहेर खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर. मी म्हटलं, "तू एवढा पांढराफटक का पडलायस?"

"त्या तारा," तो म्हणाला. "मी जोडून दिल्या असत्या ना गं, आर्लिस." मग टोपी तोंडावर धरली.

२५ मे, सोमवार

मेमोरियल डे. नॉर्बर्टनं आणि गेलेननं काल मिळून सगळं गवत कापलं. लव्हॉननं मला गाडीतून नेलं, खाली उतरू दिलं नाही. मी काचेतून पाहिलं. माणसं फुलं घेऊन फिरत होती. हार्लनच्या बाजूला कुणीतरी देशाचा लहान झेंडा मातीत खोवला होता. माझ्या बाजूला कुणी काही ठेवलं नव्हतं. का ठेवतील?

गवत कापणाऱ्या कंपनीचा विषय कुणीच काढला नाही. लव्हॉनही नाही.

२९ मे, शुक्रवार

गेलेन म्हणाला, वॉरंटीचं काम अर्धवट ठेवता येत नाही, बिघाड जिथे होतो तिथेच बघतो. आम्ही सगळे वर गेलो, तो, मी, लव्हॉन आणि नॉर्बर्ट. नॉर्बर्टच्या ट्रकमध्ये कोंबड्यांच्या खाद्याच्या पन्नास-पन्नास पौंडांच्या गोण्या होत्या.

गेलेननं मोअर हार्लनच्या दगडासमोर चढावर उभा केला. ब्रेक लावला, पाती फिरती ठेवली, आणि स्वतः उतरायच्या आधी सीटवर तीन गोण्या रचून घेतल्या. इंजिन चालू राहिलं. मग त्यानं वरची गोणी उचलली. बंद.

पुन्हा ठेवली, सुरू केलं. चालू. उचलली. बंद.

"स्विच उत्तम आहे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. "पहिलाही उत्तमच होता. सीटखाली स्प्रिंग असते, ती माणसाच्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करता येते. गेल्या सप्टेंबरात हार्लन बसला तर सीट पार टेकली खाली. म्हणून मीच ती घट्ट पिळून दिली होती. माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

"मग एप्रिलमध्ये खाली कसा चालत होता मी बसून?" मी विचारलं.

"तेव्हा जेमतेम चालत होता. चढावर तुम्ही एका अंगाला कलायच्या, भार कमी व्हायचा, बंद पडायचा. मग..."

"मग काय?"

"आता तुम्ही दोन गोण्यांएवढ्या राहिलात, मिसेस लोकेन."

लव्हॉननं तोंड फिरवलं. नॉर्बर्ट ओढ्याकडे बघत उभा राहिला. मी सगळ्यांसमोर सीटवर चढून बसले. गेलेननं किल्ली फिरवली आणि पात्यांची कळ ओढली. बंद पडलं. तशीच शांतता झाली. मी कान दिला. बगळे होते, वारा होता.

म्हणजे तो नव्हता.

हे मी तिथे म्हटलं नाही, इथे लिहिते. इतक्या दिवसांत मी त्याच्यासाठी रडले नव्हते. गेलेनच्या गोणीनं रडवलं. फेब्रुवारीत नुसता गेला होता तो. आज या लोकांनी त्याला माझ्या डोळ्यांदेखत उचलून बाजूला ठेवलं, खाद्याच्या गोणीसारखा.

गेलेननं पाना काढला. "स्प्रिंग सैल करून देतो. वॉरंटीतच धरतो. दोन मिनिटांत चालू होईल."

"नको," मी म्हटलं.

"अहो, पण चालणार कसा?"

"हार्लनसाठी लावलीय ना? राहू दे तशीच."

लव्हॉन म्हणाली, "अगं, हट्ट कसला हा?" हट्ट नव्हता. काय होतं ते मलाही ठाऊक नाही. गेलेननं पाना परत खिशात घातला. जाताना म्हणाला, कंपनीकडे तक्रार उघडीच ठेवतो, तुम्ही सांगाल तेव्हा बंद करू.

१४ जून, रविवार

अजून लव्हॉनकडेच. ती समोर बसते आणि माझी बशी रिकामी होईपर्यंत उठत नाही. मी शाळेत अशीच उभी राहायचे, वाटाणे न खाणाऱ्या पोरांपाशी. पहिल्या आठवड्यात दर घासाला मळमळायचं. आता सूप जातं, अंडं जातं, परवा चक्क मासा मागून घेतला.

आज भांडी विसळताना सहज बोलून गेले की मला हार्लनचं खाकरणं ऐकू यायचं वर. म्हटलं, आता ही मला परत हॉस्पिटलात नेणार. ती नुसती हसली.

"लहानपणी तो अडखळायचा, माहीत आहे ना तुला? शब्दच निघायचा नाही. वर्गात पोरं नकला करायची. मग आईनं शिकवलं, शब्द अडला की खाकर, म्हणजे लोकांना वाटतं घसा साफ करतोयस."

मला माहीत नव्हतं.

"लग्नाआधी गेलं होतं सगळं," ती म्हणाली. "म्हणजे, मला तरी वाटलं गेलं."

मी हातातली बशी किती वेळ पुसत होते कोण जाणे. दारात खाकरायचा. गाडीपाशी. बिछान्यात, दिवा मालवल्यावर. आणि मी म्हणायचे, "कफ झालाय का? पाणी देऊ?"

त्या सगळ्या वेळी तिथे एकेक शब्द होता. कुठले, ते आता कुणाला विचारू?

२७ जून, शनिवार

घरी परत आले. फ्रीजर उघडला आणि लव्हॉनची सगळी कॅसरोलं एकेक करून काढली. बर्फ चढून पार वाया गेलेली बाहेर टाकली. हॅमचं एक नीट होतं, ते ओव्हनमध्ये ठेवलं आणि नॉर्बर्टला हाक मारली.

"तुला भूक लागलीय?" त्यानं दारातूनच विचारलं, अशा आवाजात की जणू लॉटरी लागलीय.

"तुझ्यासाठी केलंय," म्हटलं. पण मीही घेतलं, दोनदा.

त्याच्या ट्रकमधून मोअर चर्चच्या छपरीत नेऊन ठेवला. सीटवर बसून पाहिलं नाही. धीर झाला नाही. बंद पडेल याची भीती नव्हती, चालला तर काय, याची होती.

११ जुलै, शनिवार

आज सगळं कापलं.

गवत गुडघ्याएवढं नव्हतं, नॉर्बर्ट मधूनमधून कापून ठेवायचा, पण लोकेनांची रांग त्यानं आज माझ्यासाठी सोडली होती. मला न विचारता.

खालच्या रांगा झाल्या, एकदाही बंद पडला नाही. चढाच्या तोंडाशी मी जरा थांबले, इंजिन चालू ठेवून. मग वळले. पुढे वाकले नाही, सरळ बसले. स्टिअरिंगवर हात घट्ट. हार्लनच्या आजीआजोबांचा दगड गेला, मग एका तान्ह्या मुलीचा, जिच्या दगडावर नुसतं कोरलेलं कोकरू आहे. मग आमचा.

इंजिन चालत राहिलं.

त्या आवाजात खाकरणं असतं तरी ऐकू आलं नसतं. त्याच्या मातीवर आता बारीक कोवळं गवत आलंय, मी पाती थोडी उंच केली. माझ्या बाजूला गवत दाट आहे, तिथे यंत्राला जोर लागला, आवाज जड झाला, मला वाटलं आता. पण नाही. गेलं पुढे. मी मागे वळून पाहिलं नाही, रेघ वाकडी झाली असती. पुढे अजून तीन रांगा होत्या.

घरी येऊन हात धुतले, सँडविच खाल्लं, आणि गेलेनला फोन केला.

"चालला का?" त्यानं लगेच विचारलं.

"चालला."

"चढावरसुद्धा?"

"चढावरसुद्धा."

तिकडे तो कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं, मिसेस लोकेनचा चालला म्हणून. कुणीतरी शिट्टी मारली. मग त्यानं घसा साफ केला, आणि माझ्या तोंडून "बोल" निघणारच होतं. वेडीच आहे मी. माणसं घसा साफ करतातच.

"मग कंपनीकडची ती तक्रार बंद करून टाकू ना?" गेलेन म्हणाला. "हार्लनच्या नावावर उघडी पडलीय अजून."

मी खिडकीतून टेकडीकडे बघत होते. कापलेल्या गवताचे पट्टे इथूनही दिसत होते, एक फिका, एक गडद.

"मिसेस लोकेन? आहात ना?"

"आहे," म्हटलं. "टाक बंद करून."

"आणखी काही त्रास? आवाज, हादरे, मध्येच थांबणं?"

"नाही रे," मी म्हटलं. "आता कुठेच थांबत नाही."